केले आणि करविले

मराठी भाषेत एकाच क्रियेची दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात. देऊळ बांधले आणि देऊळ बांधविले. चित्र काढले आणि चित्र काढविले. व्याकरणकार यांतील दुसऱ्या रूपास प्रयोजक क्रियापद म्हणतात. शाळेत हा भेद आपण सर्वांनी गुणांपुरता पाठ केला आणि पुढे विसरलो. परंतु त्या एका 'वि' अक्षरात नीतीचा जुना प्रश्न दडलेला आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी तो आज आपल्या देवळांच्या उंबऱ्यापर्यंत आणून ठेविला आहे.

जत्रेच्या निमंत्रणपत्रिका, वर्धापनदिनाच्या स्मरणिका, सप्ताहाचे फलक यांवर अलीकडे देवतांची जी झळझळीत चित्रे दिसू लागली आहेत, त्यांतील पुष्कळशी कोणा चित्रकाराच्या हातची नसतात. कोणी उत्साही तरुण यंत्रापुढे चार ओळी टंकतो आणि अर्ध्या मिनिटात चित्र उभे राहते. या चार ओळींस 'प्रॉम्प्ट' म्हणतात. आपण त्यांस सूचना म्हणू. चित्र कोणाचे, असे विचारले की तो तरुण निःशंकपणे सांगतो, "मी केले." हे उत्तर कितपत खरे आहे, आणि खरे नसेल तर खरे उत्तर कोणते, याचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहिले पाहिजे. कोट्यवधी चित्रे आणि त्यांखालचे शब्द यांच्या जोड्या त्यास दाखविलेल्या असतात. २०२२ साली संशोधनासाठी खुला करण्यात आलेल्या 'लायन' नामक एका संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. 'स्टेबल डिफ्यूजन' हे प्रसिद्ध यंत्र त्यातीलच एका भागावर शिकले. शिकण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. चांगल्या चित्रावर थोडे थोडे ठिपके उधळून ते पार विस्कटायचे, आणि ते विस्कटणे उलट कसे फिरवावे याचे अनुमान यंत्राकडून करवून घ्यायचे. असे असंख्य वेळा झाले म्हणजे निव्वळ ठिपक्यांच्या धुरळ्यातूनही यंत्र पायरीपायरीने आकार काढू लागते, आणि तो आकार कोणीकडे वळावा हे आपली सूचना ठरविते. धुरळा निराळा घेतला की त्याच सूचनेतून चित्र निराळे येते. म्हणजे सूचना देणारा दिशा देतो. रेषा देत नाही.

मग सूचना लिहिणे हे कौशल्य नव्हेच काय? आहे, आणि थोडेथोडके नाही. 'सुंदर', 'दिव्य', 'भव्य' असल्या विशेषणांनी यंत्राच्या हाती काहीच लागत नाही. ते आपल्या साठ्यातील सर्वांत सरधोपट रूप पुढे करते. उभी की बसलेली, हात किती, कोणत्या हातात काय, प्रकाश समईचा की सकाळच्या उन्हाचा, पाषाण काळा की पंचधातू, पाहणारा गाभाऱ्याच्या दाराशी की सभामंडपात, आणि चित्रात काय मुळीच नको, हे ज्याला नेमके सांगता येते त्याचेच चित्र मनाजोगे उतरते. साधा 'उजवा' हा शब्द घ्या. गणपतीची सोंड उजवी म्हणजे देवाच्या उजव्या अंगास. पाहणाऱ्याच्या ती डाव्या हातास दिसते. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानणाऱ्या घरात हा भेद पोराटोरांसही ठाऊक असतो. यंत्रास तो सांगावा लागतो, आणि सांगण्यापूर्वी सांगणाऱ्यास तो ठाऊक असावा लागतो.

आपल्या परंपरेस ही विद्या नवी नाही. ध्यानश्लोक म्हणजे काय? देवतेचा वर्ण, मुख, भुजा, आयुधे, आसन आणि वाहन यांचे ठरलेले शब्दवर्णन. मूर्तिकार ते ऐकून घडवीत असे आणि उपासक तेच म्हणून मनात रूप उभे करीत असे. संध्येच्या आरंभी आपण केशवापासून कृष्णापर्यंत जी चोवीस नावे घेतो, त्या चोवीस मूर्तींचे मर्म तर एखाद्या गणितीस शोभेल असे आहे. शंख, चक्र, गदा, पद्म ही आयुधे चार आणि हातही चार. चार वस्तू चार ठिकाणी मांडण्याचे प्रकार चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे बरोबर चोवीस. मुख तेच, मुकुट तोच; केवळ आयुधांचा क्रम पालटला की केशवाचा नारायण होतो आणि नारायणाचा माधव. इतकी काटेकोर सूचना जगातील फार थोड्या शिल्पपरंपरांनी दिली असेल.

यंत्र नेमके येथेच अडखळते. आरंभीच्या वर्षांत त्याच्या चित्रांतील माणसांच्या हातांस सहा बोटे फुटत. ती चूक आता विरळ झाली आहे. परंतु चार हातांत चार वस्तू सांगितलेल्या क्रमानेच येतील, याची खात्री आजही देता येत नाही. यंत्राचे ज्ञान बहुमताचे असते. जे पुष्कळांनी पुष्कळ वेळा चितारले ते त्यास उत्तम येते, आणि जे एका गावी, एका गाभाऱ्यात, एका कुळाने जपले ते त्यास येत नाही. म्हार्दोळची महालसा चतुर्भुज, हाती त्रिशूळ, खड्ग, छिन्नमस्तक आणि पानपात्र, पायाखाली दैत्य, मोहिनीरूप नारायणी म्हणून अंगावर जानवे. जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा निराळी. कवळ्याच्या शांतादुर्गेचे तर नावच तिची कथा सांगते. हरी आणि हर यांच्यातील कलह शमविणारी ही देवी दोन हातांत दोन सर्प धरून उभी, अशी आपली धारणा. आता जो नुसते 'दुर्गा' लिहील, त्यास यंत्र सिंहावर बसलेली, आठदहा हातांची, दिनदर्शिकेवरची सुपरिचित देवी देईल. चित्र नेत्रदीपक असेल. ते आपल्या देवीचे मात्र नसेल. आणि असे चित्र दहा वर्षे निमंत्रणपत्रिकांवर छापून आले, तर अकराव्या वर्षी गाभाऱ्यातील मूर्तीच मुलांना चुकीची वाटू लागेल. भय आहे ते येथे.

आता कर्तृत्वाच्या प्रश्नाकडे वळू. आमचा व्यवसाय वकिलीचा असल्याने न्यायालये काय म्हणतात हे पाहण्याची आम्हांस खोड आहे. १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. सारोनी नामक छायाचित्रकाराने ऑस्कर वाइल्डचे छायाचित्र घेतले. दुसऱ्याने ते परवानगीवाचून छापले. बचाव असा की, चित्र कॅमेऱ्याने काढले, माणसाने नव्हे. न्यायालयाने तो मानला नाही. वाइल्डला कसे बसवावे, वस्त्रे व पडदे कोणते, उजेड कोठून, हे सारे सारोनीने योजिले होते. म्हणून कर्ता तोच. यंत्र मध्ये आले एवढ्यावरून कर्तृत्व संपत नाही, हे त्या निकालाने ठरले.

मग सूचना लिहिणाऱ्यास तोच न्याय का नसावा? २०२२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन ॲलन यांच्या यंत्रनिर्मित चित्रास संगणकीय कलेच्या एका विभागात पहिले पारितोषिक मिळाले. आपण सूचना निदान ६२४ वेळा पालटल्या, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२३ च्या सप्टेंबरात यंत्राने काढलेल्या भागावरील त्यांचा हक्क नाकारला. तो वाद पुढे न्यायालयात गेला. दुसऱ्या एका प्रकरणात स्टीफन थेलर यांनी चित्राचा कर्ता म्हणून थेट यंत्राचेच नाव दिले होते; ग्रंथकर्ता मनुष्यच असला पाहिजे असे २०२३ साली जिल्हा न्यायालयाने आणि २०२५ साली अपील न्यायालयाने सांगितले. याउलट, २०२३ च्या नोव्हेंबरात बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने सूचनांच्या निवडीत व मांडणीत फिर्यादीची बुद्धी दिसते असे म्हणून त्याचा हक्क मान्य केला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक व्याख्या आली: संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण होण्यास जो कारण होतो तो. इंग्रजी शब्दांचे मराठी करू गेलो तर 'जो निर्माण करवितो तो' याहून नेमके भाषांतर सापडत नाही. कायदा फिरून फिरून आपल्या व्याकरणातील त्या 'वि'पाशीच येऊन पोहोचला म्हणायचा.

येथे एका शिलालेखाचे स्मरण होते. कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथील सत्तावन्न फूट उंचीच्या गोमटेश्वराच्या पायाशी काही अक्षरे कोरलेली आहेत. बराच काळ तो मराठीतील आद्य शिलालेख गणला जात असे. त्याच्या काळाविषयी विद्वानांत पुढे मतभेद झाले, परंतु त्यातील क्रियापदाविषयी मतभेद नाही. गंग राजाचा मंत्री चावुंडराय याने हे 'करवियलें', असे तो लेख म्हणतो. शेजारी तीच गोष्ट कन्नडात आणि तमिळात कोरलेली आहे, आणि त्या दोन्ही भाषांतही क्रियापद प्रयोजकच आहे. मंत्री सत्ताधीश होता, द्रव्य त्याचे होते, संकल्प त्याचा होता. 'केलें' असे कोरविले असते तर त्यास कोण अडविणार होते? परंतु तीन भाषांत त्याने खरे क्रियापद लिहविले. शिल्पकाराचे नाव त्या ओळीत नाही, हे उणे आहेच. तथापि 'करवियलें' या शब्दात त्या अनाम हातांची जागा मोकळी ठेवलेली आहे; छिन्नी धरणारा दुसरा कोणी होता, हे तो शब्द स्वतःच कबूल करतो. 'मी केले' म्हणणारा तरुण ती जागाच बुजवून टाकतो.

कोणी म्हणेल, एका अक्षरासाठी एवढा खल कशाला? आमचे उत्तर असे की, त्या अक्षरासोबत काही कर्तव्ये येतात. करविणाऱ्याचा धर्म आपल्याकडे यज्ञाच्या निमित्ताने फार पूर्वी निश्चित झाला आहे. आहुती ऋत्विज देतात, मंत्र ते म्हणतात. तरी फळ यजमानास मिळते, कारण संकल्प त्याचा. मीमांसकांनी या प्रश्नाचा बारकाईने काथ्याकूट केला आणि यजमानाच्या बाजूने निर्णय दिला. पण त्याच निर्णयाचे दुसरे अंग असे की, ऋत्विजांचे श्रम यजमानाने दक्षिणा देऊन आपलेसे करून घेतलेले असतात. दक्षिणेवाचून यज्ञ पुरा होत नाही.

यंत्राच्या चित्रात संकल्प आपला. मग ऋत्विज कोण? ज्यांच्या चित्रांवरून यंत्र शिकले ते सहस्रावधी चित्रकार, छायाचित्रकार आणि मूर्तिकार. त्यांस कोणी विचारले नाही, आणि बहुतेकांस कोणी काही दिले नाही. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतील काही चित्रकारांनी याच तक्रारीवरून यंत्रांच्या मालकांवर दावा लाविला. न्यायालयांनी काहीही ठरविले तरी आपला धर्म आपणांस ठरविता येतो. दक्षिणा त्या सर्वांपर्यंत पोहोचविणे एखाद्या देवस्थान समितीच्या आवाक्यातले नाही, हे मान्य. परंतु हयात चित्रकाराचे नाव सूचनेत घालून त्याच्या शैलीची नक्कल मागू नये, एवढे तरी कोणासही करता येते. पत्रिकेचा खर्च यंत्रामुळे वाचला, तर वाचलेल्या पैशांतून वर्षाकाठी एक तरी चित्र गावातल्या जिवंत हाताकडून काढवून घ्यावे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावीच्या रेषा कोरणारे हात गोव्यात किती उरले, याचा विचार करावा. जो हात आपण जगविणार नाही, त्याचे ऋण मात्र यंत्रामार्फत घेत राहू, हा व्यवहार न्याय्य नव्हे.

यावर एक सबळ आक्षेप येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतील देव्हाऱ्यांत जाऊन बसल्या. तेव्हाही यंत्र होतेच, गावोगावची निराळी रूपे तेव्हाही मागे पडली, आणि तरी भक्ती काही आटली नाही. मग आजच एवढी चिंता का? आक्षेपातील पहिला भाग खरा आहे. एकसारखेपणाचा आरंभ त्या छापील चित्रांपासून झाला, हे नाकारता येत नाही. भेद इतकाच की, त्या दगडी छापामागे एक मनुष्य उभा होता. ज्या रविवर्म्याकडून सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे काढविली, त्याची मूळ चित्रे त्या छापांमागे होती. लक्ष्मीच्या हाती कमळ का, याचे उत्तर त्यास विचारता आले असते, आणि उत्तर आवडले नाही तर त्यास दोषही देता आला असता. आज यंत्रास विचारून उपयोग नाही. म्हणूनच उत्तर देण्याचा भार पूर्वी चित्रकारावर होता तो आता सूचना लिहिणाऱ्यावर आला आहे. दुसऱ्याकडून जो करवितो तो स्वतःच करतो, असे कायद्याचे जुने वचन आहे. ते श्रेयाविषयी नसून दायित्वाविषयी आहे. चित्राने कोणाची अवहेलना झाली, तर 'यंत्राने केले' हा बचाव होऊ शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने यंत्र ही व्यक्तीच नव्हे. गंमत अशी की देवता ही व्यक्ती आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मलिक घराण्याच्या खटल्यात तसे मानले, आणि देवाच्या वतीने बोलणारा निःस्वार्थ असावा अशी व्यवस्थाही सांगितली. देवाच्या वतीने जो चित्र प्रसिद्ध करतो, त्यानेही हे मनाशी बाळगावे.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत गंभीर गोष्ट. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून मंगेश प्रियोळास आला, केळशीहून शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याहून महालसा म्हार्दोळास. मूळ ठिकाणची देवळे पाडली गेली. ती दिसत कशी होती, हे त्यांचे शिखर, दीपमाळ आणि तळी यांसह दाखविणारे चित्र आपल्यापाशी नाही. छायाचित्राची कला तर १८३९ साली जगापुढे आली. ही उणीव आपल्या समाजाच्या मनात चारशेहून अधिक वर्षे सलत आहे, आणि यंत्र ती अर्ध्या मिनिटात भरून देण्यास सिद्ध आहे. 'वेर्ण्याचे प्राचीन महालसा मंदिर, जुनाट तैलचित्राप्रमाणे', एवढे लिहिले की पुरे. जे चित्र येईल त्यात घुमट असेल, दीपमाळ असेल, पोफळीही असतील. कारण यंत्र आजच्या देवळांची चित्रे पाहून कालच्या देवळाची कल्पना करणार. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांनी अठराव्या शतकात बांधविले. त्याचीच छाया सोळाव्या शतकावर पडणार. असे चित्र स्मरणिकेत खुलाशावाचून छापले, तर पहिल्या वर्षी सर्वांस ठाऊक असेल की ही कल्पना आहे. वीस वर्षांनी ते 'जुने चित्र' होईल. चाळीस वर्षांनी कोणी ते पुरावा म्हणून पुढे करील. न्यायालयात कागद पारखण्याची सवय असलेल्यांस ठाऊक आहे की, खोटा कागद बहुधा दुष्ट बुद्धीपेक्षा असल्याच निष्काळजीपणातून जन्मास येतो. आणि एक खोटे चित्र उघडकीस आले की त्याच्या शेजारचे खरे दस्तऐवजही संशयाने पाहिले जातात. जे गमावले त्याची रिकामी जागा हीसुद्धा इतिहासाची साक्ष आहे. ती कल्पनेने भरावीशी वाटली तर अवश्य भरावी, पण खाली ठळक अक्षरांत लिहावे: कल्पनाचित्र, अमुक साली, अमुक सूचनेवरून, यंत्राकडून करविले.

देवास या यंत्रापासून भय नाही, हेही सांगितले पाहिजे. मूर्तीचे देवपण तिच्या सौंदर्यातून येत नाही. प्राणप्रतिष्ठेतून आणि पिढ्यांच्या उपासनेतून येते. गोव्यातील सातेरी कित्येक ठिकाणी रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या रूपात पूजिली जाते. तेथे मुख नाही, भुजा नाहीत, आयुधे नाहीत. तिची सूचना लिहावयास बसलेल्या चतुर मनुष्याची लेखणी पहिल्याच ओळीशी थांबेल. भय आहे ते आपल्या पाहण्यास. जो मनुष्य रोज गाभाऱ्यासमोर उभा राहून देवीच्या हातांत काय आहे हे नीट पाहतो, त्यास सूचनाही नीट लिहिता येईल आणि यंत्राची चूकही त्याच्या तत्काळ लक्षात येईल. ज्याने कधी पाहिलेच नाही, त्यास यंत्र जे देईल तेच खरे वाटेल.

म्हणून यंत्र वर्ज्य करा, असा आमचा सल्ला नाही. यंत्रास सांगण्यापूर्वी पाहावे. सांगताना नेमके सांगावे. आलेले चित्र पुजाऱ्यास आणि जाणत्या वडीलधाऱ्यांस दाखवून मगच छापावे. ज्यांच्या कलेवर ते उभे आहे त्यांचे ऋण यथाशक्ती फेडावे. आणि चित्राखाली आपले नाव घालावयाचे तर योग्य क्रियापदासह घालावे. चावुंडरायाच्या लेखातले ते एक अक्षर दगडात सहज मावले. आपल्या पत्रिकेच्या कागदावर त्यास जागा अपुरी पडण्याचे कारण नाही.